पदर पाण्यात सुटतो तेव्हा

लोणावळ्याजवळ मळवलीला आत्याकडे गेलो की सकाळी तिच्यामागून नदीवर जायचे, हे ठरलेलेच असे. इंद्रायणी तिथे अजून लहान आहे. कुरवंड्याच्या डोंगरातून निघून ती फार लांब आलेली नसते. आत्या धुण्याचे गाठोडे दगडावर उतरवायची आणि आधी लुगडे पाण्यात सोडायची. लुगडे लगेच बुडत नसे. घड्यांत अडकलेली हवा त्याला वर धरून ठेवायची. मधे मोठा फुगवटा यायचा, काठ मात्र आधीच खाली झुकलेले असायचे. आत्या तळहाताने तो फुगवटा दाबायची, बुडबुडे सुटायचे, आणि मग नऊ वार कापड प्रवाहाच्या अंगाने सावकाश उलगडत जायचे. मी वाकून पाहत राहायचो. घरात तेच कापड कासोट्यात, निऱ्यांत, कमरेला खोचलेल्या ओच्यात आवळून बांधलेले असायचे. भाकरी थापताना, गोठा झाडताना, चिखलात वाकून भात लावताना त्याला कामाचा आकार असे. पाण्यात गेल्यावर त्याला स्वतःचा आकार मिळायचा. "टोक धर रे, वाहून जाईल," आत्या ओरडायची. ओल्या कापडाची ती ओढ हाताला अजून आठवते.

कापड अंगावर कसे पडते, हे रंगवण्यात हयात घालवलेल्या एका चित्रकाराचा छापखाना याच मळवलीत होता, हे पुढे वाचनात आले तेव्हा मला विशेष आनंद झाला. राजा रविवर्मा यांनी 1894 मध्ये मुंबईत शिळाछापखाना सुरू केला आणि 1899 मध्ये तो मळवलीला आला. एकेका रंगासाठी एकेक दगड. एका रंगावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा असे ठसे चढत चढत लक्ष्मीच्या साडीची चूण उमटायची. ती चित्रे इथून निघून घरोघरच्या देवघरांत आणि दुकानांच्या भिंतींवर जाऊन बसली. त्यातली लक्ष्मी आठवून पाहा. ती कमळावर उभी आहे, भोवती पाणी आहे, हत्ती आहे, हंस आहेत. पण तिच्या साडीची एक निरीही भिजलेली नाही. पाणी खाली, देवी वर. पाणी तिथे आसन म्हणून आहे. पुढे हा छापखाना फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला आणि 1972 मध्ये आगीत जळाला.

याच छापखान्यासाठी लोणावळ्यात राहून फोटोलिथोचे काम करणाऱ्यांत धुंडिराज गोविंद फाळके होते. छायाचित्र, दगड, शाई आणि कागद यांची सगळी खटपट त्यांनी या घाटमाथ्यावर हाताखालून घातली आणि मग ते चित्रपटाकडे वळले. 1919 मध्ये त्यांनी 'कालिया मर्दन' काढला. त्यात कृष्ण झाला होता त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी. कृष्ण डोहात उडी घेतो आणि पाण्यात कालियाशी झुंजतो. या चित्रपटाचा बराचसा भाग पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयामुळे आजही पाहायला मिळतो. पाण्यावर कोरडी उभी असलेली लक्ष्मी आणि डोहाच्या आत शिरलेला कृष्ण, या दोन चित्रांत जेमतेम पंचवीस वर्षांचे अंतर आहे. मला ते फार मोठे वाटते. मराठी मुलखातल्या चित्रकलेने या अवधीत पाण्याचा पृष्ठभाग ओलांडला.

पाण्याखालच्या कलात्मक छायाचित्रणाचे काम मी प्रत्यक्ष पाहिले ते तुंगार्लीच्या वाटेवरच्या एका बंगल्यात. लोणावळ्याच्या परिसरात असे पोहण्याचे तलाव असलेले बंगले आता खूप झाले आहेत. लग्नाआधीची चित्रे, बाळंतपणाआधीची चित्रे, कपड्यांच्या जाहिराती, असे बरेच काही त्या तलावांत उतरते. त्या रात्रीचे काम मात्र कोणाच्या मागणीवरून नव्हते. छायाचित्रकार मित्राला स्वतःसाठी एक चित्रमाला करायची होती. वैशाख निवडला होता, कारण इतर दिवसांत इथले पाणी रात्री सोसवत नाही. तलावाच्या एका बाजूला काळ्या कापडाचा पडदा आत सोडला होता आणि तो हलू नये म्हणून खालच्या कडेला शिशाची वजने शिवली होती. पाणी गाळण्याचे यंत्र सकाळपासून चालू होते. पाण्यात एखादा कण जरी तरंगत राहिला तरी फ्लॅशचा उजेड आधी त्याच्यावर पडतो आणि चित्रात पांढरा ठिपका उमटतो. असे हजार कण असले तर चित्रात बर्फ पडतो आहे असे दिसते.

मित्र काठावर मांडी घालून कॅमेऱ्याचे हाउसिंग बंद करत होता. ॲल्युमिनियमची जाड पेटी, पुढे काचेचा घुमट, आणि दोन भागांच्या मधे एक बारीक रबरी कडी. तिला ओ-रिंग म्हणतात. त्याने ती खाचेतून काढली, कापडाने पुसली, बोटांत फिरवून उजेडात सगळीकडून पाहिली, तिच्यावर सिलिकॉनचे ग्रीस अगदी पातळ लावले आणि पुन्हा खाचेत बसवली. त्या कडीवर एक केस आडवा राहिला, वाळूचा एक कण राहिला, तरी पाणी आत शिरते आणि कॅमेरा संपतो. मग त्याने पेटी पाण्यात बुडवली आणि बुडबुडा येतो का, याची वाट पाहिली. तेवढ्या वेळात कोणी बोलले नाही.

चित्रात उतरणार होती एक कथक शिकवणारी बाई. तिच्यासाठी जॉर्जेटच्या साड्या आणल्या होत्या, कारण जॉर्जेट पाण्यात पसरते आणि पसरलेलेच राहते. तिने मात्र पिशवीतून आजीचे इरकली लुगडे काढले. अंग सुती, पदर रेशमी, तांबडा. मित्र म्हणाला, "सुती कापड बसतं गं पाण्यात." ती म्हणाली, "बसू दे की. आजी पण बसूनच काम करायची." त्याने हरकत घेतली नाही. नेसण्यात एक बदल केला. एरवी कासोटा घट्ट घालतात, तो सैल ठेवला आणि निऱ्या आतून चार टाके घालून धरल्या.

तलावात कडेला, चित्राच्या चौकटीबाहेर, मालवणचा एक पाणबुड्या उभा होता. तारकर्लीला पर्यटकांना समुद्रात उतरवण्याचे काम त्याने बरीच वर्षे केले आहे. त्याच्या पाठीवर हवेची टाकी आणि हातात जादा नळी होती. बाई खाली असताना तिला श्वास लागला तर ती नळी तिच्या तोंडाला लावायची, एवढेच त्याचे काम. त्याचे लक्ष चित्राकडे नव्हतेच, तिच्या छातीच्या भात्याकडे होते. उतरण्याआधी ती भराभर श्वास घेऊ लागली तेव्हा त्याने तिला थांबवले. "ताई, घाई करू नको. श्वास होयो तर लगेच खूण कर." भराभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि श्वास घे, असे शरीर आपल्याला सांगते ते त्याच्याच वाढीमुळे. ती सूचना उशिरा आली तर पाण्यातच शुद्ध हरपते. हे सगळे त्याने मला नंतर चहा पिताना सांगितले, साध्या शब्दांत, हाताने आपली छाती दाखवत.

मला वाटत होते की पाण्यात उतरताना छाती भरून श्वास घ्यायचा असतो. तसे केले तर माणूस वर येतो. भरलेली फुप्फुसे शरीराला खाली राहू देत नाहीत. खाली जायचे तर श्वास सोडून द्यावा लागतो आणि सोडलेल्या अवस्थेतच थांबावे लागते. ती पाण्याखाली गेली, तिच्या तोंडातून बुडबुड्यांची माळ निघाली, वर आली, फुटली. पाणी निवळेपर्यंत मित्र थांबला. शेवटचा बुडबुडा चौकटीतून गेला आणि मग फ्लॅश पडला. म्हणजे जे चित्र आपण पाहतो ते श्वास निघून गेल्यानंतरचे असते. चेहऱ्यावर जी शांतता दिसते, डोळे उघडे, भुवया सैल, ओठ मिटलेले, ती सगळी हवा नसताना आणलेली आहे. क्लोरीनने डोळे झोंबत असतात, नाकात पाणी शिरत असते. या चित्रांमधल्या शांततेबद्दल मला तेव्हापासून आदर वाटतो, कारण ती कमावलेली आहे.

श्वास बाहेर टाकून थांबणे याला योगात बाह्य कुंभक म्हणतात. आणि लोणावळ्यात त्याचा विचार काल-परवाचा नाही. स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये इथे कैवल्यधाम स्थापन केले. प्राणायामात आणि उड्डियान, नौली यांसारख्या पोटाच्या क्रियांत शरीराच्या आत नेमके काय घडते, ते दाबमापकाने आणि क्ष-किरणांनी तपासायचे आणि जसे दिसेल तसे छापायचे, असा त्यांचा खाक्या होता. त्यासाठी त्यांनी 'योगमीमांसा' हे नियतकालिक त्याच वर्षी काढले. नौली करताना आतड्यात दाब उणा होतो, हे त्यांनी मोजून दाखवले आणि त्या निर्वाताला आपल्या गुरूंचे, माधवदासजींचे नाव दिले. तुंगार्लीच्या तलावाकाठी बसलेलो असताना मला हे सारखे आठवत होते. एकाच गावात श्वास थांबवण्याची मोजदादही झाली आणि चित्रेही होत आहेत. बाईला मी विचारले, खाली असताना मनात काय असते? ती केस पिळत म्हणाली, "काही नाही. पहिल्यांदाच काही नसतं."

आणि लुगडे? सुती अंग तिच्याबरोबर बुडाले, पायांशी जड होऊन राहिले. रेशमी पदर मात्र मागे राहिला. ती खाली जात असताना तो तिच्या खांद्यावरून वर उठला, उलगडला, एकदा स्वतःभोवती वळला आणि तिच्या डोक्यावर तांबडा पसरला. जॉर्जेटमध्ये हे होत नाही. तिथे सगळेच तरंगते. इथे एकाच वस्त्रात बुडणे आणि तरंगणे दोन्ही होते. मळवलीच्या त्या दगडावर बसून मी जे पाहत होतो त्याला इथे चेहरा मिळाला.

मित्राने मला पोहण्याचा चष्मा दिला आणि म्हणाला, एकदा खालून वर बघ. पाण्याखालून वर पाहिले की सगळे आकाश डोक्यावरच्या एका गोल खिडकीत गोळा झालेले दिसते. काठावरची माणसे, दिवे, झाडांचे शेंडे सगळे त्या वर्तुळाच्या कडेला वाकून उभे असतात. ही खिडकी साधारण 97 अंशांची असते. त्याबाहेरचा पाण्याचा पृष्ठभाग खालून आरसा होतो. बाहेरचे काही दिसत नाही, तळातलेच उलटे होऊन वर दिसते. चित्रांत बाईच्या डोक्यावर तिचेच दुसरे रूप उलटे लटकलेले दिसते ते यामुळे. त्यात नंतर संगणकावर केलेली कसलीही करामत नसते. वर्तुळात जमलेला तो उजेड पाहताना मला कार्ल्याचे चैत्यगृह आठवले. तिथेही भल्या मोठ्या दगडी अंधारात उजेड शिरतो तो पिंपळपानासारख्या एकाच गवाक्षातून, आणि आत उभ्या असलेल्या माणसाला बाहेरचे जग तेवढ्याच आकारात दिसते. दोन हजार वर्षांपूर्वी ज्यांनी ते कोरले त्यांना हे ठाऊक होते की उजेड थोडा केला म्हणजे माणूस आत वळतो.

पाणी उजेड नुसता कमी करत नाही, तो निवडून घेते. सगळ्यात आधी तांबडा जातो. समुद्रात चार-पाच मीटर खाली गेले की तांबडे कापड मळकट तपकिरी दिसू लागते, आणखी खाली नारिंगी, मग पिवळा विझतो, शेवटी निळा राहतो. म्हणून तिथे छायाचित्रकाराला आपला उजेड बरोबर न्यावा लागतो. सपाट काचेतून पाहिले तर वस्तू पाव हिश्श्याने जवळ आणि तिसऱ्या हिश्श्याने मोठी दिसते. हात जिथे दिसतो तिथे तो नसतो. या साऱ्याशी माणूस बराच काळ झगडत आला आहे. फ्रान्सच्या किनाऱ्यावर बान्यूल्स इथे लुई बुताँ या प्राणिशास्त्रज्ञाने 1893 मध्ये पेटीत बंद केलेला कॅमेरा समुद्रात नेला तेव्हा एका चित्राला अर्धा अर्धा तास लागे. पुढे पाण्याखालच्या चित्रांत हलणारी माणसे आली, फॅशन आली, कला आली. हवाईची क्रिस्टी ली रॉजर्स तर स्वतः पाण्याबाहेर राहून रात्रीच्या तलावातल्या माणसांची चित्रे घेते. पाणी उजेडाला जे वाकवते तेच ती रंगासारखे वापरते. तिच्या अशाच एका चित्राला 2019 चा सोनी जागतिक छायाचित्र पुरस्कारांतला मोठा मान मिळाला.

पण मला सगळ्यात जवळचे वाटते ते आंद्रे केर्टेश या हंगेरियन छायाचित्रकाराचे 1917 चे चित्र. पहिल्या महायुद्धात जखमी होऊन तो एस्टरगोम या गावी बरा होत होता. तिथल्या तलावात पोहणाऱ्या एका माणसाचे चित्र त्याने काठावरून घेतले. माणूस पाण्याच्या कातडीखालून सरळ जातो आहे आणि त्याचे अंग उजेडाच्या रेघांनी चिरले गेले आहे, डोके जवळजवळ नाहीसे झाले आहे. युद्धातून आलेल्या तरुणाला हा आकार दिसला, याचा मी पुष्कळदा विचार करतो. शरीर मोडते आणि तरीही पुढे जात राहते, हे त्याने पाण्यात पाहिले.

तुंगार्लीहून परतताना पवना धरणाच्या बाजूने आलो. तुंग, तिकोना, लोहगड आणि विसापूर या गडांच्या मधे पसरलेले ते पाणी आता तंबूंच्या ओळींनी वेढलेले असते. संध्याकाळी तिथे हजारो चित्रे काढली जातात. सगळ्या चित्रांत माणसे पुढे आणि पाणी मागे. त्या पाण्याखाली गावांची शेते आहेत, घरांची जोती आहेत, वाटा आहेत. ज्यांच्या जमिनी त्यात गेल्या त्यांचा पुनर्वसनाचा लढा पुढच्या पिढीपर्यंत चालत आला. पवनेचे पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध मावळातले शेतकरी 9 ऑगस्ट 2011 रोजी बऊरला द्रुतगती मार्गावर उतरले आणि पोलिसांच्या गोळीबारात तिघे गेले. धरणाच्या पाण्यातच वाघेश्वराचे जुने दगडी देऊळ आहे. वर्षातले बरेच महिने ते बुडालेले असते. उन्हाळ्यात पाणी ओसरले की ते वर येते. दगडांवर गाळाचा पापुद्रा वाळलेला असतो, भोवतीची जमीन भेगाळलेली असते, आणि लोक चपला काढून आत जातात. पाण्यात बुडालेले देऊळ म्हटले की कोणत्याही छायाचित्रकाराचे मन तिकडे धावणारच. पण धरणाच्या गढूळ पाण्यात हातभरापलीकडचे दिसत नाही, आणि तळाशी गाळ आहे, झुडपांचे खुंट आहेत. तिथे चित्रासाठी उतरू नये.

मावळात पाण्याखाली कोण जाते, असे विचारले तर खरे उत्तर चित्रकार किंवा नर्तकी असे नाही. लोणावळ्याच्या 'शिवदुर्ग मित्र' या बचाव पथकाची मुले जातात. बुडालेल्यांना शोधायला. 30 जून 2024 रोजी भुशी धरणाच्या मागच्या ओढ्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. असे घडले की आपापली कामे टाकून ही मुले येतात. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग नसतो, तळ हातांनी चाचपावा लागतो. ज्या पाण्यात एकीचा पदर इतका सुंदर उलगडतो तेच हे पाणी आहे. हे ठाऊक असताना मला ती चित्रे कमी सुंदर वाटत नाहीत, जास्त खरी वाटतात. त्यांत दिसणारी प्रत्येक शांतता शिशाची वजने, गाळलेले पाणी आणि चौकटीबाहेर नळी धरून उभा असलेला मालवणचा माणूस यांच्या भरवशावर उभी आहे.

तुंगार्लीला त्या रात्री काम संपल्यावर मी बंगल्याच्या राखणदाराला विचारले, तलावातले पाणी कुठले? "बोअरचं," तो म्हणाला. "वैशाखात खाली जातं, मग टँकर घालतो." त्याच दिवसांत डोंगरावरच्या वाड्यांत बायका झऱ्यापाशी हंडे मांडून बसलेल्या असतात. हे कोणाच्या अंगावर टाकण्यासाठी मी लिहीत नाही. पाणी गाळून पुन्हा पुन्हा वापरता येते, आणि असे काम जबाबदारीने करणारे लोक मी पाहिले आहेत. मला एवढेच जाणवले की चित्रातल्या प्रत्येक गोष्टीला नाव असते, भिंगाला, कॅमेऱ्याला, साडीला, फक्त पाण्याला नसते. पुष्कळदा पाण्यात उतरलेल्या बाईलाही नसते. चित्राखाली छायाचित्रकाराची सही असते आणि शीर्षकाच्या जागी 'निनावी'.

रविवर्म्यांच्या लक्ष्मीखालचे पाणी कोणतेही चालण्यासारखे होते, ती वर उभी होती. आता माणूस पाण्याच्या आत शिरला आहे आणि पाणीच चित्र घडवते आहे. तेव्हा ते आसन राहिलेले नाही, मागचा पडदाही नाही. मावळात पाण्याखालची चित्रे काढणाऱ्या सगळ्यांना माझी एक विनंती आहे. चित्राखाली, जागा नसेल तर कागदाच्या पाठीवर, दोन गोष्टी लिहून ठेवा: पाणी कुठले होते आणि श्वास कोणी रोखला होता.